सुभेदार, ‘मिरज-जुना’ बंद केला

सुभेदार,

काल ‘मिरज-जुना’ व्हॉल्यूम ऑफलाइन केला. मीच केला. विश्रामबागेतल्या आपल्या ऑफिसात, भर दुपारी, डबा न उघडता. साताऱ्यात तुमच्या जागी अजून कोणी आलेलं नाही, त्यामुळे तिकडून ‘रिकामं हाय मॅडम, दाबा’ असं सांगायला कोणी नव्हतं. सवयीनं मी फोन हातात घेतलाही होता. तुमचं नाव यादीत वरच होतं. मग ठेवून दिला.

तुम्ही गेल्याला अजून महिनाही झाला नाही. घरचे म्हणतात, मनातलं लिहून काढ, हलकं वाटेल. हलकं वाटावं अशी माझी इच्छा नाही. तुमच्याशी एक वाद अर्धा राहिलाय आणि काल जे घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला दुसरं काम सुचत नाहीये, इतकंच.

माझ्या भावाला मी हे सांगायला गेले तर तो म्हणाला, व्हॉल्यूम म्हणजे आवाज ना? त्याला समजावताना मी नकळत तुमचीच भाषा वापरली. संस्थेचं मिरजेचं हॉस्पिटल आणि साताऱ्याचा दवाखाना, या दोन्हीकडच्या रुग्णांचे एक्स-रे आणि स्कॅन एकाच साठ्यात जातात, पण तो साठा मिरज, सांगली आणि सातारा अशा तीन गावांतल्या यंत्रांवर वाटलेला असतो. फोटो कुठल्या यंत्रावरून आला हे डॉक्टरला कळत नाही, कळायचं कारणही नाही. मी नवीन होते तेव्हा हे सगळं इंग्रजी पुस्तकातल्या आकृत्या काढून तुम्हाला दाखवायला लागले होते. तुम्ही शांतपणे बघितलंत आणि म्हणालात, “आमची वाडी अशीच हाय की वं. चार घरं वढ्याच्या अल्याड, दोन पल्याड, बाकी टेकावर. पर पत्र टाकताना पत्ता यकच. व्हॉल्यूम म्हंजी त्यातलं यक घर. आन घराला कुलूप लावायचं तर आधी हाळी द्यायची, आत कोण हाय का म्हनून.”

हाळी द्यायची म्हणजे तुम्ही खरोखर द्यायचात. एखादा व्हॉल्यूम दुरुस्तीसाठी थोड्या वेळापुरता जरी बंद करायचा असला, तरी त्यावर ज्याची ज्याची फाइल उघडी दिसे त्याला तुमचा फोन. मिरजेच्या हाडांच्या डॉक्टरांना तुम्ही एकदा ऐन ओपीडीत फोन लावलात, “डॉक्टरसायेब, तुमची यक फाइल उगडी राह्यलीया, तेवडी मिटा.” ते माझ्यावर चिडले. मी तुमच्यावर चिडले. म्हटलं, अहो सुभेदार, बंद केलं की सिस्टीम सगळी जोडणी आपोआप सोडवते. तुम्ही म्हणालात, “सोडवती न्हाई मॅडम, तोडती.”

लष्कराच्या सिग्नल्समधून निवृत्त होऊन तुम्ही आलात तेव्हा ऑफिसातल्या आम्हा पदवीधरांना वाटलं होतं, पहारेकऱ्याच्या जागी माणूस घेतलाय. ते सगळं तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही त्याचा कधी उल्लेख केला नाहीत. एंटर दाबायच्या आधी मात्र ‘सिद्धनाथाच्या नावानं’ एवढं पुटपुटायचात आणि ‘चांगभलं’ आम्ही मनात म्हणायचं अशी तुमची अपेक्षा असायची. मी म्हणायचे. माझ्या घरात कोणी म्हसवडला त्याच्या देवळात गेलेलं नव्हतं तरी म्हणायचे.

पुराच्या वेळचं आठवतं का? आपलं ऑफिस तेव्हा गावभागात होतं. कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं त्या सकाळी मी एकटी आत होते आणि तुम्ही साताऱ्याहून फोनवर. मला सगळ्या तारा उपटून पळायचं होतं. तुम्ही विचारलंत, “पानी कुटवर हाय?”

“बाहेरच्या पायऱ्यांवर.”

“पायऱ्या राह्यल्यात का काय?”

“राहिल्यात थोड्या.”

“मग लय येळ हाय. खुर्चीत बसा.”

मी बसले. तुम्ही एकेक व्हॉल्यूम साताऱ्याकडे ओढून घेत गेलात आणि प्रती जुळल्या की मला सांगत गेलात, आता ह्यो मिटा, आता त्यो. तुमच्या आवाजात घाई अशी नव्हतीच. शेवटचा मिटल्यावर मी यंत्रं उचलून टेबलावर ठेवायला लागले, तेव्हा तुम्ही ओरडलात. आयुष्यात एकदाच माझ्यावर ओरडलात. “मॅडम! मशीन संस्थेचं हाय, तुमी तुमच्या आईच्या हायसा. भायेर पडा आदी!” मी कमरेएवढ्या पाण्यातून कोपऱ्यापर्यंत आले. संध्याकाळी त्या टेबलाचं टोकही दिसत नव्हतं म्हणे. आणि मिरजेत त्या दिवशी एकाही डॉक्टरला कळलं नाही की सांगलीचं घर बुडालंय. फोटो येत होते, साताऱ्याहून.

त्याबद्दल मी तुम्हाला भडंगाचा पुडा पाठवला होता. आभार मानले नव्हते. तुम्ही मला काम शिकवलंत हेही कधी म्हटलं नाही. तुम्ही मला शेवटपर्यंत मॅडम म्हणत राहिलात आणि मॅडमनं ते कसं म्हणायचं, हा माझा गोंधळ कधी सुटला नाही.

मग ‘मिरज-जुना’ची भांडणं सुरू झाली. हॉस्पिटलातले सगळ्यात जुने स्कॅन त्या एका व्हॉल्यूमवर होते, त्याच्या डिस्क म्हाताऱ्या झालेल्या, त्यांचे सुटे भाग बाजारात मिळेनासे झालेले. मी म्हणत होते, बंद करू या. इतके जुने फोटो कोणी उघडत नाही, आणि ती डिस्क अडकली की तिच्या मागे सगळी रांग अडकते. एकदा अपघातातल्या एका मुलीचा स्कॅन त्यापायी उघडायला उशीर झाला होता. पोरगी वाचली, पण त्या वेळात तिच्या वडिलांनी काय सोसलं असेल ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. माझं म्हणणं खोटं नव्हतं, सुभेदार.

तुमचंही नव्हतं. तुम्ही म्हणायचात, “मान्साला स्वताचं जुनं बगावं लागतं. आज न्हाई उगडत, उंद्या उगडंल.” मी म्हणायचे, उद्यासाठी आजच्या माणसाला थांबवायचं का? तुम्ही म्हणायचात, “आजचा मानूस बी उंद्या जुनाच हुनार हाय.” व्यवस्थापनाच्या बैठकीत तुम्ही उभे राहून बोललात आणि तुमचं ऐकून तो व्हॉल्यूम ठेवला गेला. त्या दिवशी साताऱ्याच्या स्टँडवरून तुम्ही मला कंदी पेढे पाठवलेत, जिंकल्याचे. मी ते रागानं खाल्ले. चांगले होते.

मग तुमचा खोकला.

थंडीत सुरू झाला होता म्हणे, मला उन्हाळ्यात कळला. फोनवर बोलता बोलता तुम्ही थांबायचात आणि पलीकडून नुसताच आवाज यायचा, घशात काही अडकल्यासारखा. मी विचारलं की, “मळनीची धूळ गेलीया.” मळणी होऊन किती महिने झाले होते. शेवटी मिरजेला तपासायला आलात ते घरी मंगलकाकूंनी हट्ट धरला म्हणून. छातीचा स्कॅन झाला आणि फुफ्फुसात जे दिसलं ते बघून रेडिओलॉजीच्या डॉक्टर बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, यांचा आधीचा एखादा स्कॅन आहे का? तुलना करता येईल, हे किती वेगानं वाढलंय ते कळेल.

होता. दहिवडीच्या वळणावर तुमची मोटारसायकल घसरली होती तेव्हा फासळ्या बघायला काढलेला. ‘मिरज-जुना’वर. मीच शोधून दिला. शोधताना मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला होता. वाटलं, जिंकलात की सुभेदार, तुमचा व्हॉल्यूम तुमच्याच कामी आला.

डॉक्टर बाईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. मग पडद्यावर बोट न टेकवता त्यांनी जुन्या फोटोतल्या एका जागेभोवती बोट फिरवलं. “इथं. तेव्हाच होतं.”

“पण तेव्हा तर रिपोर्ट चांगला आला होता.”

“फासळ्यांचा आला होता. फासळ्या बघायला सांगितलं होतं, त्या बघितल्या. फासळ्या ठीकच होत्या.”

“तेव्हा कळलं असतं तर?”

“काढून टाकता आलं असतं. बहुतेक.”

त्या बहुतेकचं मी काय करायचं, सुभेदार? ते बोलताना बाईंचाही चेहरा बघवत नव्हता. तो रिपोर्ट त्यांनी लिहिलेला नव्हता. ज्यांनी लिहिला होता ते हॉस्पिटल सोडून कुठल्या कुठे गेलेले. त्या खोलीत रागवायला कोणी नव्हतंच. काकू तेवढ्यात चहा घेऊन दाराशी आल्या आणि बाईंनी पडदा बंद केला.

तुम्ही बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर बसला होता. काकू कप परत द्यायला गेल्या तेव्हा तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, “मॅडम, जुन्यात व्हतं का?”

मी बाकाच्या टोकाला टेकले.

“व्हय म्हना की. म्या काय रडनार न्हाई.”

“होतं.”

तुम्ही मान डोलावलीत, कोणी पत्ता सांगितल्यावर डोलावतात तशी. मग काकू परत येत होत्या त्या दिशेनं बघत घाईघाईनं म्हणालात, “ह्ये मंगलला सांगू नगा. सुनीललाबी न्हाई. पोरगं माज्यावानीच हाय, डोकं फिरवून घेतंय. भांडत बसत्याल दोगंबी, दवाखान्याशी, यकमेकाशी. म्या जाताना घरात भांडन ठिवून जायचं न्हाई मला.”

“नाही सांगणार,” मी म्हटलं.

“शब्द?”

“शब्द.”

त्यानंतर तुम्ही मिरजेतच दाखल झालात, निघालात, परत दाखल झालात. ऑफिस सुटलं की मी सिटी बसनं यायचे. ज्या इमारतीतली प्रत्येक तार मला पाठ होती, तिच्यात तुमच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून मला करण्यासारखं एकही काम नव्हतं. सलाइनचा थेंब बघायचा. काकूंना जरा पाय मोकळे करायला पाठवायचं. तुम्ही ‘आज सर्व्हर कसा हाय’ विचारलंत की ‘ठीक आहे’ म्हणायचं. दर वेळी नवीन औषध निघे, दर वेळी आम्ही सगळे त्याचं नाव पाठ करायचो, आणि ते बदलायचं. तुमचे हात इतके बारीक झाले की मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकायचं. ते तुम्ही काढू दिलं नाहीत.

पण वाद तुम्ही सोडला नाहीत. एक दिवस मीच म्हटलं, तेव्हा माझं ऐकून तो व्हॉल्यूम बंद केला असता तर निदान तुम्हाला हे कळलं नसतं. तुम्ही म्हणालात, “माजं हाय ते मला ठावं असाया नगं? मानूस स्वताच्या घरात आंधळ्यावानी ऱ्हाईल का?” मी म्हटलं, कळून उपयोग काय झाला? तुम्ही म्हणालात, “सगळं उपेगासाठीच आसतं व्हय, मॅडम.” मला वाटलं, वाद मिटला. तुम्ही जिंकलात आणि बरंच झालं.

मिटला नव्हता. नंतरच्या एका दुपारी तुम्हाला फार दुखत होतं. भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला वाटलं झोपलात. भिंतीकडेच बघत तुम्ही म्हणालात, “तुमचंच खरं व्हतं. तवाच बंद कराया पायजे व्हता. रोज त्योच फोटू दिसतोय. त्येवडा बारका ठिपका. तवा कुनी बगितला आसता तर, ह्येच डोस्क्यात. नसता घावला तर निवांत ग्येलो आसतो.”

मला काय झालं कोण जाणे, मी एकदम म्हटलं, “नाही सुभेदार. तुमचं खरं होतं. ठेवायलाच हवा होता.”

तुम्ही वळलात. हसलात. “ह्ये भारी हाय. म्या तुमच्या बाजूला आलो तवा तुमी पळालासा.” हसण्याचा खोकला झाला, सिस्टर धावत आल्या, मला बाहेर काढलं. दारातून तुम्ही हात हलवलात, उद्या या, मग बघू, असा.

दुसऱ्या दिवशी तुमच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. डोळे उघडे होते. मी बोलत राहिले. तुम्ही कुठल्या बाजूला होता हे मला कळलं नाही. नंतर तुम्ही बोललातच नाहीत.

तुमच्या दहाव्याला मी म्हसवडच्या अलीकडच्या तुमच्या वाडीत आले. खरंच, ओढ्याच्या अलीकडं चार घरं आणि बाकीची टेकावर. माजी सैनिक सगळे ओळीत बसले होते, टोप्या मांडीवर घेऊन. सुनील दाराशी उभा होता, येणाऱ्या प्रत्येकाला पाणी देत. मला तो म्हणाला, “दादा तुमचं लय सांगायचे.” काय सांगायचात, हे विचारायचं राहिलं.

परत आले तर व्यवस्थापनाचा निरोप आलेला होता. ‘मिरज-जुना’ बंद करा, त्यातले त्यातल्या त्यात अलीकडचे स्कॅन नवीन जागी हलवा, बाकीचे डिस्कसकट मोडीत. मी तिथल्या साहेबांना भेटायला गेले. म्हटलं, थोडे दिवस ठेवू. साहेब चांगले आहेत. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, “हे तर तुम्हीच सांगत होतात ना? बरोबर सांगत होतात.” माझीच सगळी कारणं त्यांच्या तोंडून मला ऐकावी लागली, एकेक करून, आणि त्यातलं एकही चुकीचं नव्हतं. कालचा दिवस ठरला.

आणि काल सकाळी विट्याच्या गाडीनं काकू आणि सुनील आले.

व्हॉल्यूमचं त्यांना काही माहीत नव्हतं. तुमच्या पेन्शनच्या की कशाच्या कामाला सांगलीत आले होते, ते उरकून माझ्याकडे आले. काकूंनी पिशवीतून बाजरीचं पीठ काढून टेबलावर ठेवलं. तुमच्याबद्दल, पावसाबद्दल, सुनीलच्या सुटीबद्दल बोललो. तो परवा नोकरीवर परत जाणार आहे. मग काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “ताई, यक इचारू? खरं सांगाल?”

“विचारा ना.”

“ह्यांचा जुना फोटू हाय न्हवं तुमच्यापाशी? त्या दिशी मिरजंला म्या चा घिऊन दाराशी हुते. डॉक्टरीनबाई ‘तवाच हुतं’ म्हनाल्या. मला बगून गप झाल्या. ह्यास्नी इचारलं तर म्हनले, काय न्हाई, फासळीचं बोलत हुत्या.”

सुनीलनं आईकडे बघितलं. त्याला हे नवीन होतं.

मी म्हटलं, “काकू, आता ते कशाला?”

“सांगते कशाला ते. ग्येल्या थंडीत ह्ये खोकत हुते. म्या म्हनायची, चला दवाखान्यात. ह्ये म्हनायचे, धूळ हाय. कांदं काढायचं चाललं हुतं, बाया लावल्या हुत्या, म्या बी म्हटलं बगू म्होरल्या आटवड्यात. जोर न्हाई क्येला, ताई. क्येला आसता तर आले आसते, माजं ऐकायचे. आता डोळा मिटला की कांदंच दिसत्यात. येवडंच सांगा, तवा थंडीतच न्हेलं आसतं तर मानूस वाचला आसता का? त्याच्या आदी हुतं का न्हवतं?”

मी तुमचा शब्द धरून बसले होते, सुभेदार. घट्ट. पण तुम्ही मला जे सांगितलं होतं त्यात हे नव्हतं. तुम्हाला भांडणाची भीती होती. तुमच्या मागे ती बाई स्वतःलाच असं रोज कोर्टात उभं करेल, हे तुमच्याही ध्यानात आलं नसावं. ‘न्हवतं’ म्हटलं असतं तर तुमचा शब्द राहिला असता, आणि ते कांदे तिच्या जन्माला लागले असते.

“होतं,” मी म्हटलं. “थंडीच्या कितीतरी आधी. मोटारसायकलवरून पडले होते ना, तेव्हापासून. खोकल्याच्या वेळी नेलं असतं तरी फार उशीर झालेला होता, काकू. तुमच्यामुळं काही झालं नाही.”

त्यांनी पदर सोडला. डोळे मिटले. खांदे असे खाली आले, जसं कोणी डोक्यावरची पाटी उतरून घेतली. मला वाटलं, बरं केलं. इतकं वाटेपर्यंतच ते टिकलं. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, “मग तवा का न्हाई सांगितलं कुनी?”

सुनील माझ्याकडे बघत होता. तुमचेच डोळे आहेत त्याचे.

मी सांगितलं, ते फासळ्या बघत होते. हे सांगताना ते मला स्वतःलाच पोरकट वाटलं. काकू ऐकत होत्या. मी थांबल्यावरही ऐकत राहिल्या, पुढं काही असेल म्हणून. पुढं काही नव्हतं.

“दावा मला,” त्या म्हणाल्या.

मी दाखवला. काळ्या पडद्यावर तुमची छाती, मणका, दोन्हीकडच्या फासळ्या. काकू खुर्ची ओढून जवळ आल्या. “ह्ये आतलं व्हय त्यांचं?” म्हणाल्या. मग “कुटं हाय?” मी बाण त्या जागेवर नेला. त्या इतक्या जवळ वाकल्या की त्यांच्या श्वासानं काच धुरकट झाली.

“ह्येवडंच?”

“हो.”

“ह्येवड्यानं?”

सुनील उठून व्हरांड्यात गेला. तिथं तो भिंतीला दोन्ही हात टेकवून उभा असलेला मला काचेतून दिसत होता. परत आला तेव्हा आवाज अगदी सरळ होता त्याचा, “मॅडम, याची एक कॉपी मला मिळंल का?” काकू म्हणाल्या, “काय करायचंय रं न्हिऊन? भितीला लावनार हाईस?” तो म्हणाला, “असू दे.” घरच्यांनी मागितला तर द्यायचा असतो, तसा नियमच आहे. मी पेन ड्राइव्हवर घालून दिला. त्यानं शर्टच्या खिशात ठेवून बटण लावलं. तो त्याचं काय करील, मला माहीत नाही. तुम्हाला जे नको होतं तेच करील, किंवा काहीच करणार नाही. मी विचारलं नाही. विचारायचा मला काय हक्क होता?

मग मी त्यांना सांगितलं, की आज हा सगळा साठा बंद व्हायचा आहे, यानंतर हा फोटो इथं दिसणार नाही. काकू म्हणाल्या, “मग आमी हाय तवरच करा.”

त्या व्हॉल्यूमवर त्या वेळी एकच जोडणी होती, माझी. एकच फाइल उघडी होती. मी काकूंकडे बघितलं. त्यांनी आणखी थोडा वेळ बघून घेतलं, मग मान हलवली. मी फोटो मिटला. बंद करायची आज्ञा लिहिली. एकदा चुकली, परत लिहिली. झालं. काही आवाज होत नाही, तुम्हाला माहीतच आहे. नावासमोर एक शब्द बदलतो. काकूंनी विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालं. पुढच्या आठवड्यात त्या डिस्क काढून नेतील.

त्यांना सोडायला मी खाली रस्त्यापर्यंत गेले. सुनील रिक्षा बघायला पुढं गेला. काकू पिशवीचे बंद सारखे करत होत्या. मला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील आणि मी तिथंच रडेन.

“तुमी ह्यास्नी सबूद दिला व्हता न्हवं, मला सांगनार न्हाई म्हनून?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“तेनला वळखती म्या. आन तुमी आदी कसं आडून बोललासा त्ये बी बगितलं.” मग म्हणाल्या, “मोडलासा.”

“हो काकू.”

“माज्यासाटी बरं क्येलंसा. सुनीलचं आता काय हुतंय त्ये बगू.” रिक्षा आली. चढता चढता त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “तेंच्या म्होरं मातूर तुमचं तुमीच बगा, ताई.”

रिक्षा वळून गेली तरी मी तिथंच उभी होते. कालपासून तेच बघतेय, सुभेदार. तुम्ही रागावला असतात, की हसून ‘पळालासा’ म्हणाला असतात, मला ठरवता येत नाही. कधी वाटतं हे, कधी ते. काकूंच्या डोळ्यांपुढून कांदे गेले असतील तर तुम्ही मला सोडलं असतंत. सुनीलनं खिशाचं बटण लावलं ते आठवलं की वाटतं, नसतं सोडलं. दोन्ही एकाच दुपारी माझ्याच हातून झालं, आणि एक ठेवून दुसरं काढायची काही सोय नव्हती. असली तर तुम्हाला माहीत असती. मला नव्हती.